शहागडला सापडलेली चांदी

पुंजारामनं मोसंबीचा क्रेट टेबलावर ठेवून वरचं पोतं बाजूला केलं. डॉक्टर शिखानं आत वाकून बघितलं, आणि तिच्या मनात पहिलं नाव आलं ते त्या जनावराचं नव्हतं. चिन्मयीचं होतं.

"शहागडच्या ढाब्यापाशी टरक उभा होता," वनरक्षक पुंजाराम सांगत होता. "टायर बसलं म्हणून पंक्चरवाला आल्ता. त्याला मागच्या पोत्यांतून आवाज आला. पोलीस येईपर्यंत डायवर पळून गेल्ता. आमचे साहेब म्हणले, जल्दी जालन्याला मॅडमकडं न्या. मॅडम, हे हाय तरी काय? माकड म्हणावं तर तोंड काळं, वानर म्हणावं तर अंगबी काळं."

क्रेटच्या कोपऱ्यात मूठभर काळं पिल्लू अंगाचं मुटकुळं करून बसलं होतं. चेहऱ्याभोवती राखाडी केसांची विरळ झालर नुकती फुटत होती. कमरेला दोरीचा काच पडून कातडं सोललं होतं, ओठ कोरडे पडले होते.

"सिंहपुच्छ माकड," शिखा म्हणाली. "दक्षिणेकडच्या सह्याद्रीत राहतं, दाट पावसाच्या जंगलात. जगात दुसरीकडं कुठं न्हाई. आणि तिथंबी फार थोडी उरलीत."

"मंग तुम्ही तिकडं जाऊन बघितलेलं हाय."

"फोटोत," शिखा म्हणाली, आणि तिनं हातमोजे चढवले.

फोटोत ती गेली बारा वर्षं बघत आली होती. चिन्मयी आणि शिखा परभणीला वेटर्नरीला एकाच खोलीत राहायच्या. दोघी ह्याच जिल्ह्यातल्या. चिन्मयीचे वडील गिरिधरराव जालन्यात सरकारी कचेरीत होते, शिखाच्या वडिलांचं, शिवनारायणजींचं, वाटूरला आडतीचं दुकान होतं. शेवटच्या वर्षी ह्या माकडांवर काम करणाऱ्या दक्षिणेतल्या एका संस्थेनं कॉलेजातून एकच विद्यार्थी निवडला. नाव शिखाचं आलं. चिन्मयीचं तिच्या खाली, शिखा आली नाही तर म्हणून. त्याच महिन्यात शिखाचं रजतशी लग्न ठरत होतं. शिखा गेली नाही, चिन्मयी गेली.

घरच्यांनी सोडलं नाही, असं शिखा पुढं सगळ्यांना सांगायची. खरं तर तिला कुणी अडवलं नव्हतं. शिवनारायणजी एवढंच म्हणाले होते, "तू ठरव बेटा. मुलाकडचे दोन वर्षं थांबायला तयार आहेत." जळवा, परकी भाषा, डोंगरातली एकटीची खोली, हे सगळं डोळ्यांपुढं आलं आणि तिनंच भिऊन नको म्हटलं. पण तसं कबूल केलं असतं तर रागवायला कुणी उरलं नसतं. म्हणून ती चिन्मयीवर रागवत राहिली. उघडपणे नाही. चिन्मयी फोटो टाकायची: शेंड्यावर बसून फणस फोडणारी मादी, चहाच्या मळ्यातून उड्या मारत जाणारा कळप, रस्ता ओलांडताना माकडं गाडीखाली येऊ नयेत म्हणून झाडांमध्ये बांधलेले झुलते पूल. शिखा प्रत्येक फोटोखाली अंगठा उमटवायची आणि फोन पालथा ठेवायची.

आता त्यातलंच एक तिच्या टेबलावर होतं.

पहिले काही दिवस पिल्लू वाचेल असं वाटत नव्हतं. शिखानं त्याला सलाईन लावलं, जखम धुतली, सिरिंजनं थेंबथेंब दूध पाजलं. ती मादी होती, असेल सहा महिन्यांची. जालन्याची थंडी कोरडी. ही जात ओल्या हवेत वाढणारी. दवाखान्याच्या वरच्या खोलीत शिखानं हीटर लावला, पाण्याचं पातेलं उकळत ठेवलं, पुंजारामला वड-उंबराच्या फांद्या आणायला लावल्या. पिल्लू फांद्यांकडं बघेना. त्याला फक्त शिखाचा स्वेटर पाहिजे असायचा. दोन्ही मुठींत लोकर घट्ट धरून ते तिच्या पोटाला चिकटून राहायचं, आणि ती गाईचा फोन घेताना, कुत्र्याला इंजेक्शन देताना, हिशेबाला बसलेल्या रजतशी बोलतानाही ते तिथंच असायचं.

घर दवाखान्याच्या मागंच होतं. सासूबाई, प्रेमबाई, रोज दुपारी जिना चढून वर यायच्या. सुनेला त्या मारवाडीत बीनणी म्हणायच्या.

"बीनणी, हिला खायला काय देऊन राह्यली तू?"

"दूध, केळी, पपई. आणि थोडं उकडलेलं अंडं द्यावं लागंल, आई. जंगलात ही किडे खाते. नुसत्या फळावर हाडं धरणार न्हाईत."

घर जैन. कांदासुद्धा चातुर्मासात दाराबाहेर. प्रेमबाई पिल्लाकडं बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

"तिला तिच्या देवानं तसं बनवलं, त्यात तिची काय चूक," त्या शेवटी म्हणाल्या. "वरच दे. भांडं वेगळं ठेव. आणि मला रोज सांगू नको." जाता जाता त्यांनी बोटानं त्या राखाडी झालरीला स्पर्श केला. "चांदी उतरून राह्यली हिच्या तोंडावर."

तेव्हापासून ती चांदी झाली.

चांदी खेळायला लागली, शिखाच्या वेणीला लोंबकळायला लागली, आणि शिखाला फार वर्षांनी सकाळी लवकर जाग यायला लागली. गावात बोलबाला झाला. ओळखीचे लोक बघायला यायचे, मोबाइलवर फोटो काढायचे. वर्तमानपत्राच्या जिल्ह्याच्या पानावर शिखाचा चांदीला कुशीत घेतलेला फोटो छापून आला. तो तिनं स्वतःही टाकला, आणि मग दिवसभर दर थोड्या वेळानं बघत राहिली की चिन्मयीनं पाहिला का. चिन्मयी ह्यांना खालून दुर्बिणीतून बघते, मान दुखेपर्यंत. माझ्या पोटाला येऊन बिलगलीय. हा विचार तिला इतका गोड लागायचा की ती तो परत परत करायची.

चिन्मयीचा अंगठा आला नाही. आठवड्याभरानं पुंजाराम आला.

"मॅडम, कोर्टाची परवानगी आली. हिला दक्षिणेत न्यायचं हाय, तिकडच्या केंद्रात. तज्ज्ञ बाई बघायला येऊन राह्यल्या. आपल्या जालन्याच्याच हायेत म्हणे."

"माहीत आहे मला," शिखा म्हणाली. नाव तिनं विचारलं नाही.

चिन्मयी आली ती साध्या सुती कुर्त्यात, पाठीवर सॅक, केस कापून मानेपर्यंत आणलेले, रंग उन्हापावसानं रापलेला. शिखानं मनात जी चिन्मयी तयार ठेवली होती ती जरा ऐटीत बोलणारी, जालना विसरलेली अशी होती. ही तशी नव्हती.

"काय शिखे, कशी हाय?" ती दारातूनच म्हणाली. "वाळली नाहीस तू. मी बघ, काडी होऊन गेले."

बोलणं जसंच्या तसं होतं. शिखाला त्याचाच राग आला. काहीतरी तरी हिनं गमवायला पाहिजे होतं.

वर जाण्याआधी चिन्मयीनं तोंडाला मास्क लावला आणि दुसरा शिखापुढं धरला. "आपली सर्दी ह्यांना मारू शकते," ती म्हणाली. शिखाला हे माहीत होतं. पहिल्या दिवशी तिनंही लावला होता. नंतर चांदी तिच्या तोंडाला हात लावायची म्हणून तिनं काढून टाकला होता.

चांदी नेहमीसारखी झेप घेऊन शिखाच्या स्वेटरला चिकटली. अनोळखी बाईकडं तिनं दात दाखवले. शिखाला बरं वाटलं. चिन्मयी पुढं आली नाही. ती भिंतीशी जमिनीवर बसली, तोंड दुसरीकडं केलं, आणि मास्कच्या आडून तिनं एक आवाज काढला. मऊ, लांबट, शेवटाला वर उचललेला. "कूऽ."

चांदीच्या मुठी सैल झाल्या.

चिन्मयीनं पुन्हा तो आवाज काढला. चांदीनं मान वळवली आणि उत्तर दिलं. तोच आवाज, बारीक आणि फाटका. इतके दिवस शिखानं तिचं किंचाळणं ऐकलं होतं, चिडणं ऐकलं होतं, झोपेतलं कण्हणं ऐकलं होतं. हा आवाज तिच्यात आहे हेच शिखाला माहीत नव्हतं. चांदी तिच्या अंगावरून उतरली, जमिनीवरून चार पायांनी चालत चिन्मयीपासून हातभर अंतरावर जाऊन बसली आणि तिच्याकडं बघत पुन्हा बोलली.

"कळपात एकमेकांना असंच विचारतात," चिन्मयी हळूच म्हणाली. "दाट पानांत दिसत न्हाई ना कुणी. मी इथं आहे, तू कुठंय, एवढंच. हिला अजून आठवतंय. बराबर वेळेवर सापडली."

शिखाच्या छातीत काहीतरी कडू, गरम पसरलं. तिनं वाकून चांदीला उचललं. चांदीनं सुटायची धडपड केली.

खाली चहा घेताना चिन्मयीनं सगळं समजावलं. ह्या जातीच्या माद्या जन्मभर आपल्या कळपात राहतात. आई, मावशी, आजी, बहिणी. नर मोठा झाला की निघून जातो, मादी जात नाही. कळपाशिवाय मादी म्हणजे काहीच नाही. केंद्रात एक मादी आहे, तिचं पिल्लू महिन्यापूर्वी मेलेलं जन्मलं. अजून ती रिकामे हात छातीशी धरून बसते, दुसरीच्या पिल्लाला ओढायला बघते. अशी मादी परक्या पिल्लाला घेते. पण हे फार दिवस टिकत नाही.

"ह्याच आठवड्यात निघू," चिन्मयी म्हणाली. "बाकी सगळं झालंय. प्रवासाला तब्येत ठीक आहे एवढं तुझं सर्टिफिकेट पाहिजे. तोपर्यंत तिला अंगावर कमी घे. गोधडीची गुंडाळी कर, तिला चिकटू दे. तू दिसली नाहीस तर बरं."

मी दिसले नाही तर बरं. शिखानं कप बशीत ठेवला.

"तिला खोकला आहे," ती म्हणाली. "दोन दिवसांपासून. आत्ता पाठवता यायचं न्हाई."

चिन्मयीनं तिच्याकडं बघितलं. "मी तासभर बसले तिच्याजवळ. खोकली न्हाई ती."

"पहाटे खोकते. थंडीनं. ह्या वयात निमोनिया झाला तर वाटेतच जाईल. जबाबदारी माझी आहे."

रजत दारात उभा राहून ऐकत होता. चिन्मयीनं सॅक उचलली.

"डॉक्टर तू आहेस," ती म्हणाली. "तुला बरी वाटली की कळव. मी गाडी तयार ठेवते." दोन दिवस आईवडिलांकडं राहून ती परत गेली.

शिखा जिंकली होती, आणि तो आनंद तिला एक दिवससुद्धा पुरला नाही. वरच्या खोलीत बसून तिनं तो आवाज काढून बघितला. कू. कूऽ. चांदी तिच्याकडं बघायची आणि वेणी ओढायला लागायची. शिखानं मोबाइलवर जंगलातलं ध्वनिमुद्रण शोधून लावलं. चांदी ताडकन उठली, खिडकीच्या जाळीला धरून बाहेर धान्याच्या मोंढ्याच्या रस्त्याकडं बघत हाका मारत राहिली, फोन बंद झाल्यावरही. रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रॅक्टर चालला होता. तिला उत्तर द्यायला तिथं कुणी नव्हतं. शिखानं पुन्हा ते ध्वनिमुद्रण लावलं नाही.

सर्टिफिकेट द्यायचं राहिलं. पुंजाराम येऊन विचारून जायचा. "मॅडम, साहेब विचारून राह्यले." शिखा म्हणायची, अजून छाती भरलेली वाटते. चांदी मात्र आता शिखा जिना उतरायला लागली की गोल गोल डोलायची, अंगठा चोखायची. एका सकाळी शिखा केदारखेड्याला अडलेली म्हैस बघायला गेली, परत येईपर्यंत दुपार टळली. वर गेली तर चांदी कोपऱ्यात बसून स्वतःच्या दंडावरचे केस मुठीमुठीनं उपटत होती. दंड उघडा पडला होता. शिखाला बघताच ती किंचाळत अंगावर आली आणि थरथरत चिकटली.

आणि शिखाला त्या क्षणी आधी बरं वाटलं. माझ्याशिवाय हिला करमत नाही. मग तो उघडा दंड तिच्या हाताला लागला, आणि आपल्याला बरं वाटलं हे तिच्या लक्षात आलं. ती तशीच खाली बसली.

रजत वर आला तेव्हाही ती तिथंच बसली होती.

"एक विचारू?" तो म्हणाला. "ती खोकते का खरंच?"

"न्हाई."

"मला वाटलंच." तो तिच्याजवळ बसला. "मी तुला कधी बोललो न्हाई, शिखा. पण तू लोकांना सांगते ना, लग्नासाठी घरच्यांनी सोडलं न्हाई म्हणून. मी दोन वर्षं थांबायला तयार होतो. मला वाईट वाटायचं ते ऐकून. तुला कुणावर तरी राग काढायचा असतो, मंग मी ऐकून घेतो. पण हिच्यावर कशाला?"

त्याच संध्याकाळी शिखानं चिन्मयीला फोन केला.

"ती मादी कशी आहे?"

"आता हात छातीशी धरत न्हाई," चिन्मयी म्हणाली. तिच्या आवाजात ठपका नव्हता, थकवा होता. "एकटी बसते. पिल्लांकडं बघत न्हाई. उशीर झालाय बहुतेक. तरी आण. दुसरा रस्ता न्हाई."

शिखानं सर्टिफिकेट लिहिलं. "मी सोबत येते," ती म्हणाली.

वन विभागाच्या गाडीत पुंजाराम पुढं, शिखा मागं, पिंजऱ्यावर काळं कापड. चिन्मयीनं सांगितल्याप्रमाणे शिखानं आत गोधडीची गुंडाळी ठेवली होती आणि स्वतः मास्क लावून, न बोलता बसली होती. चांदी पहिले काही तास किंचाळली. शिखानं हात मांडीखाली दाबून धरले. सोलापूर मागं पडलं, कर्नाटक लागलं, माळ जाऊन नारळ सुरू झाले, आणि दुसऱ्या दिवशी हवा इतकी ओली झाली की शिखाच्या चष्म्यावर वाफ धरली. चांदी गप्प झाली. कापडाच्या फटीतून तिचं नाक बाहेर आलं होतं.

केंद्र डोंगराच्या पायथ्याशी, जुन्या झाडांमध्ये होतं. दोन पिंजरे शेजारी शेजारी, मध्ये जाळी. एकीकडं चांदीला सोडलं. दुसरीकडं ती मादी, चेहऱ्याभोवती पांढुरकी आयाळ, शेपटीच्या टोकाला गोंडा, उंच फांदीवर पाठ करून बसलेली. शिखाला भिंतीआड उभं केलं. भिंतीला डोळ्याएवढं भोक होतं.

चांदी शिखाला शोधत जाळीभर फिरली. तिनं सगळे आवाज काढले. मादीनं मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मादी खाली उतरली, जाळीशी ठेवलेलं केळ उचललं, चांदीकडं एक नजर टाकली आणि परत वर गेली.

"मी लवकर पाठवली असती तर हिनं लगेच घेतली असती," शिखा भिंतीआडून म्हणाली.

"कदाचित," चिन्मयी म्हणाली. "चल. तू इथं उभी राहून काही होणार न्हाई. तुला डोंगरावर नेते."

वर चहाचे मळे होते, आणि मळ्यांच्या मध्ये मध्ये जंगलाचे तुकडे उरले होते, हिरव्या गालिच्यावर काळे डाग पडावेत तसे. एके काळी हे सगळं एकसलग रान होतं. आता माकडांना एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला रस्ता ओलांडावा लागायचा. चिन्मयीनं गाडी थांबवली. वर झाडांना बांधलेला तो झुलता पूल होता, शिखानं फोटोत शंभरदा बघितलेला. खाली उभं राहून त्या दोघी थांबल्या. पानांतून आधी तो आवाज आला. कूऽ. मग पलीकडून दुसरा. मग काळ्या अंगाची एक मादी पुलावर आली, पोटाशी पिल्लू, तिच्यामागं दुसरी, मग दोन उनाड पोरं एकमेकांची शेपटी ओढत. शेवटी मोठा नर, पुलाच्या मध्यावर थांबून खाली ह्या दोघींकडं बघून गेला. खालून एक बस घाटाचं वळण घेत गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही.

शिखाला वाटलं होतं, प्रत्यक्षात हे तितकं नसेल. फोटोत सगळंच छान दिसतं, चिन्मयीच्या खोलीला ओल असेल, ती कंटाळली असेल, एकटी पडली असेल. खोलीला ओल होतीच. पण वर पुलाकडं बघणाऱ्या चिन्मयीचा चेहरा शिखानं बघितला, आणि तो तिनं कल्पना केली होती त्याहून सुखी होता.

"हे माझं होतं," ती म्हणाली.

"होतं," चिन्मयी म्हणाली. "तू न्हाई म्हणालीस म्हणून मला मिळालं."

"घरच्यांनी..." शिखानं सुरुवात केली आणि थांबली. "मी भ्याले होते."

"मीही. पहिले सहा महिने रोज रडायचे. पण जायला दुसरी जागाच नव्हती मला. तुला होती."

दोघी गाडीला टेकून उभ्या राहिल्या. शिखा म्हणाली, "तिला खोकला नव्हता."

"माहीत होतं."

"मंग तेव्हाच बोलली का न्हाईस? साहेबांना सांगितलं असतं तर दुसरा डॉक्टर आणला असता त्यांनी."

"विचार केला होता. पण मला वाटलं, तू दोन-चार दिवसांत देशील. तुझ्याबद्दल माझा अंदाज चुकला." चिन्मयीनं दुर्बीण गळ्यातून काढून तिच्या हातात दिली. "आणि मी तुला खोटं सांगणार न्हाई शिखे, की मलाही तुझा हेवा वाटायचा, तुझं घर, तुझा रजत वगैरे. न्हाई वाटला कधी. मला हेच पाहिजे होतं."

शिखाला ते लागलं. पण बारा वर्षांत त्यांच्यात झालेलं हे पहिलंच धड बोलणं होतं, हेही तिला कळलं. तिनं दुर्बीण डोळ्यांना लावली. तिला आधी नुसती पानंच दिसली.

पुढच्या दिवशी दुपारी केंद्रातला पिंजरा साफ करणारा माणूस धावत आला आणि हातानं चला चला अशी खूण करत त्यानं दोघींना भिंतीशी नेलं. मादी जाळीला टेकून बसली होती. तिनं जाळीतून हात घालून चांदीचा पाय धरला होता, ओढून तिला जवळ घेतलं होतं, आणि तिचा तो उघडा पडलेला दंड ती बोटांनी हळूहळू निवडत होती, एकेक केस बाजूला सारून, खाली मान घालून. चांदी डोळे मिटून पडली होती. मध्येच ती बोलायची. मादीनं दोनदा उत्तर दिलं नाही. तिसऱ्यांदा दिलं.

शिखानं भोकाला डोळा लावून ते बघितलं. आयुष्यात तिनं पुष्कळ जणांचा मत्सर केला होता, पण त्या मादीच्या बोटांचा जितका केला तितका कुणाचाच नाही. तिला वाटलं, एक हाक मारावी. चांदी ओळखेल, उठून येईल. तिनं मास्क नीट वर ओढला आणि तिथंच उभी राहिली, मान आखडेपर्यंत.

चार दिवसांनी मधली जाळी काढली. दूध मादीला आता नव्हतं, ते बाटलीनं द्यावं लागलं, पडद्याआडून, आणि ते काम शिखाला नव्हे, दुसऱ्या कुणाला दिलं. पण झोपताना चांदी मादीच्या पोटाशी होती. ती कधी जंगलात परत जाईल असं कुणी सांगू शकत नव्हतं. केंद्रातल्या कळपात मोठी होईल, तिला पिल्लं झाली तर ती कदाचित जातील. शिखा जालन्याला परतली.

घरी वरची खोली प्रेमबाईंनी धुऊन ठेवली होती. त्यांनी ताटात तिच्या आवडीचं, बेसनाच्या गट्ट्यांचं साग वाढलं. उन्हाळाभर शिखा दवाखाना चालवत राहिली. शहागडला, अंबडला वनरक्षकांचे वर्ग घेतले. पोत्यातून, क्रेटमधून चोरून नेलेली पिल्लं सापडली तर पहिल्या तासात काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते ती सांगायची. त्यांना अंगाशी घेऊ नका, हे सांगताना ती दरवेळी जरा थांबायची.

मे महिन्यात संस्थेची जाहिरात आली: पावसाळ्यात दोन महिन्यांसाठी कळपामागं फिरायला, नमुने गोळा करायला माणसं पाहिजेत. शिखानं अर्ज केला. चिन्मयीला सांगितलं नाही. निवड झाल्याचं कळलं तेव्हा रजत म्हणाला, "जा. दवाखान्याचं मी बघतो, परभणीहून कुणाला तरी बोलावू." प्रेमबाईंना जळवांचं कुणीतरी सांगितलं होतं. "मीठ टाकून मारू नको बीनणी," त्या म्हणाल्या. "नखानं सोडव आणि पानावर ठेव."

तिथं तिला एका तरुण संशोधक मुलीच्या हाताखाली दिलं, अक्षता नावाच्या. सव्वीस वर्षांची ती पोरगी शेंड्यांकडं बघून हा कोणता नर, ही कुणाची बहीण, असं चालता चालता सांगायची. शिखा मागं राहायची, घसरायची. तिचं वय आणि अक्षताचं वय ह्यांच्यातलं अंतर ती मनात मोजायची आणि तोंडात पुन्हा तीच जुनी कडू चव यायची. ती आता त्या चवीला ओळखत होती.

पहिल्याच रविवारी पहाटे, निघताना, तिनं चिन्मयीला विचारलं, "चांदीला बघता येईल?"

"न्हाई," चिन्मयी म्हणाली. "तुझा चेहरा तिला आठवतो. अजून वर्षभर तरी न्हाई."

"बाकी सगळे बघतात."

"बाकी सगळ्यांना बघून ती जाळीपाशी येत न्हाई."

खाली दरीतून धुकं चढत होतं आणि कुठंतरी वर, पानांच्या आत, कळपाला जाग येऊन हाकांना सुरुवात झाली होती. अक्षता पुढं निघालीसुद्धा होती. शिखानं मोजे गुडघ्यापर्यंत ओढले, दप्तर पाठीला लावलं आणि तिच्या मागून चढणीला लागली.